काटेसाहेबांची फेरतपासणी

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि बावीस वर्षं बाजारातले तराजू न् काटे तपासत हिंडल्यामुळे दुकानदारांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. पुढे ते नाव बाजारातून घरी आलं, घरातून शेजारी गेलं, आणि शेवटी खुद्द बायकोच फोनवर "काटेसाहेब आंघोळीला गेलेत" असं सांगायला लागली तेव्हा त्यांनी हात टेकले. माणूस सज्जन. पाच ग्रॅमचा फरक निघाला तरी काटा बाजूला काढणारा, आणि दुकानदार "साहेब, चहा घ्या" म्हणाला तर "आधी काटा" म्हणणारा. अशा माणसाचं स्वतःचं वजन एक्क्याण्णव किलो होतं, याची बाजारात चर्चा व्हायची. त्यांना स्वतःला मात्र त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वजनमापे खात्यातल्या माणसाला वजन असायचंच, असं ते म्हणत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत.

वाटायला लागलं ते मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनापासून.

मुलीला घरात मुंगी म्हणायचे. अकरा वर्षांची, किडकिडीत, कायम कुठेतरी निघालेली. तिच्या शाळेत क्रीडादिनाला पालकांची आणि मुलांची तीन पायांची शर्यत असते. म्हणजे मुलाचा एक पाय आणि पालकाचा एक पाय एकत्र बांधायचा आणि दोघांनी मिळून धावायचं. ज्याने कोणी हा खेळ शोधून काढला, त्याला पालकांविषयी काय राग होता कोण जाणे. तर गेल्या वर्षी काटेसाहेब आणि मुंगी या शर्यतीत उतरले आणि शेवटून पहिले आले. नुसते शेवटी आले असते तर गोष्ट वेगळी होती. पण वाटेत दोनदा पाय सुटला, एकदा ते मुंगीच्या अंगावर पडता पडता बाजूला पडले, आणि ते दोरीपाशी पोचले तेव्हा पुढच्या शर्यतीची मुलं तोंडात चमचे धरून रांगेत उभी होती. आणि मग सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

या टाळ्या त्यांच्या जिव्हारी लागल्या. टाळ्यांमध्येही प्रकार असतात. जिंकणाऱ्यासाठी वाजतात त्या वेगळ्या, आणि "अरेरे, बिचारे पोचले एकदाचे" म्हणून वाजतात त्या वेगळ्या. बावीस वर्षं लोकांना पास-नापास करणाऱ्या माणसाला भर मैदानात असलं उत्तेजनार्थ कौतुक मिळावं म्हणजे काय! बरं, मुंगी सगळ्यांकडे बघून हात हलवत होती, त्यामुळे त्यांना तोंड लपवायचीही सोय नव्हती. घरी येताना ते तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघ. पुढच्या वर्षी आपण पहिले."

मुंगी काहीतरी बोलणार होती. पण साहेब तेव्हा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

वर्ष निघून गेलं. दिलेला शब्द त्यांना आठवला तो शाळेची चिठ्ठी आली तेव्हा. क्रीडादिनाला सहा आठवडे उरले होते, आणि चिठ्ठी वाचून बायको सहज म्हणाली, "शेवटचंच वर्ष हो हिचं या शाळेत. मोठ्या शाळेत पालकांना कोण विचारतंय!" हे ऐकल्यावर काटेसाहेब ताडकन उठले आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई मोजून बोलणाऱ्या. त्यांनी रक्तदाब घेतला, वजन घेतलं, आणि एक छापील कागद दिला. पाच दिवस अगदी कमी खायचं, काय आणि किती ते तक्त्यात लिहिलेलं. सूप, उकडलेल्या भाज्या, एक सफरचंद, एक अंडं, असा सगळा आनंदाचा मामला. "पाच दिवस करा, मग नेहमीसारखं पण बेताने जेवा. आणि हा कागद पुढून-मागून नीट वाचा," त्या म्हणाल्या.

"बाई, कागद वाचणं हाच माझा धंदा आहे," काटेसाहेब म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनीही पुढे आयुष्यभर ठेवलं.

घरी आल्यावर बायकोने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात टोमॅटोच्या आकाराचं लोहचुंबक चिकटवलं. तक्ता समोर आला. तक्त्याच्या खाली शेवटची ओळ होती, "हा आहार पुन्हा करता येईल." त्या ओळीच्या पुढे, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात "कृ. मा. प." म्हणजे कृपया मागे पाहा असं छापलेलं होतं, आणि त्याच्यावर टोमॅटो बसला होता. बायकोचा काही दोष नाही. लोहचुंबक कुठेतरी लावावंच लागतं.

पहिले पाच दिवस कसे गेले ते सांगत बसलो तर तुमच्याही पोटात कावळे ओरडतील. दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांना शेजाऱ्यांकडच्या बटाट्यांचा वास भिंतीतून येऊ लागला. तिसऱ्या दिवशी ते सफरचंदाशी बोलताना सापडले. पण माणूस शिस्तीचा. कागदात एक अंडं म्हणजे एक अंडं, आणि तेही त्यांनी तोलून घेतलं.

समोरच्या दारात निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. त्रेसष्ट वर्षांचे, वाळक्या शेंगेसारखे, रोज सकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तळ्याला तीन चकरा मारणारे. सल्ला देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग होता. "घास बत्तीस वेळा चावा," ते म्हणाले. काटेसाहेबांनी सूप बत्तीस वेळा चावलं. "जेवताना डावा हात वापरा, कमी खाल्लं जातं." डाव्या हाताने सूप शर्टावर गेलं, आणि पोटात कमी गेलं हे खरंच होतं. कुठल्याही सल्ल्यात तथ्य नाही असं म्हणून चालत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी निकालाचा प्रश्न आला. घरात वजनाचा छोटा काटा होता, पण तो एका फरशीवर एकोणनव्वद आणि दुसऱ्या फरशीवर ब्याण्णव दाखवायचा. असल्या काट्यावर विश्वास ठेवणं हे काटेसाहेबांच्या पदाला शोभणारं नव्हतं. कार्यालयाच्या भांडारात पोती तपासायचा मोठा काटा होता. त्यावर ते बूट काढून चढले, तेवढ्यात भांडारपालाने आवाज दिला, "साहेब, नोंद केल्याशिवाय काट्यावर काही ठेवता येत नाही."

"अरे, मी आहे."

"तेच म्हणतोय. मालाचं वर्णन काय लिहू?"

हा भांडारपाल नियमाचा पक्का होता. त्याला तसा पक्का काटेसाहेबांनीच केला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. शेवटी रकाने भरले गेले. मालाचं वर्णन: निरीक्षक. नग: एक. वेष्टनासह की वेष्टनाविना, असं विचारल्यावर काटेसाहेबांनी दाराकडे बघून "वेष्टनासह" म्हटलं. मालाचा मालक या रकान्यापाशी दोघेही थोडा वेळ थांबले. मग काटेसाहेबांनी बायकोचं नाव घातलं. भांडारपालाने तीन प्रती काढल्या, एक भांडाराला, एक फायलीला, एक मालकाला. वजन भरलं अठ्ठ्याऐंशी किलो आठशे.

सव्वादोन किलोच्या आसपास! काटेसाहेब हवेत तरंगत घरी आले. संध्याकाळी त्यांनी जुना चामडी पट्टा काढला, गॅलरीत मुंगीला बोलावलं, तिचा डावा आणि स्वतःचा उजवा पाय बांधला, आणि पहिला सराव झाला.

मुंगीने आपली एक युक्ती काढली होती. बांधलेले पाय म्हणजे "आतला", सुटे पाय म्हणजे "बाहेरचा", आणि चालताना ती लयीत म्हणायची, "आतला, बाहेरचा, आतला, बाहेरचा." दारापासून जिन्यापर्यंत गॅलरी लांबच लांब होती. पहिल्या दिवशी ते तिथे पोचायला एवढा वेळ लागला की वाटेत दोनदा बसावं लागलं. एकदा काटेसाहेब कचऱ्याच्या डब्यात पाय घालून उभे राहिले. मुंगी हसून हसून खाली बसली, आणि पाय बांधलेला असल्यामुळे तेही खाली बसले. "बाबा, तू ना, 'बाहेरचा' म्हटलं की आतलाच टाकतोस," ती डोळे पुसत म्हणाली. काटेसाहेबही हसले. पण मनात त्यांनी नोंद केली की अजून आठ-नऊ किलो तरी उतरायला हवेत.

खरी भानगड पुढे झाली. दोन दिवस नेहमीसारखं जेवल्यावर त्यांनी पुन्हा वजन केलं, पुन्हा तीन प्रतींत. किलोभर परत आलं होतं. काटेसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्यांच्या धंद्यात यावर सरळ उपाय होता. दुकानदाराचा काटा तपासणीत नापास झाला तर तो दुरुस्त करून त्याच दिवशी पुन्हा आणता येतो. पुन्हा नापास झाला तर पुन्हा. पास होईपर्यंत कितीही वेळा. त्यांनी स्वतः एका वाण्याचा काटा एका दिवसात सहा वेळा तपासला होता. मग शरीर म्हणजे तरी काय? नापास झालंय, परत आणा. आणि कागदावर तर स्वच्छ लिहिलं होतं, "पुन्हा करता येईल."

"अहो, एकदा डॉक्टरीणबाईंना फोन तरी करा," बायको म्हणाली.

"निरीक्षकाला तपासणी शिकवू नकोस."

"तुम्ही काटा आहात का?"

"सगळं गाव तेच म्हणतं," ते म्हणाले, आणि आपण फार चांगलं उत्तर दिलं असं त्यांना वाटलं.

दुसरी खेप सुरू झाली. पाच दिवस कमी, दोन दिवस नेहमीचं, असा त्यांचा बेत होता. तो पोस्टमास्तरांना सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मधले दोन दिवस कशाला वाया घालवता? आम्ही टपालखात्यात रजेला रजा जोडायचो. सोमवारची हक्काची, मंगळवारची आजारपणाची, मध्ये खंड म्हणून पडू द्यायचा नाही." हा मुद्दा काटेसाहेबांना पटला. सरकारी नोकराला रजेचा दाखला दिला की काहीही पटतं. तिसरी खेप दुसरीला जोडली गेली, आणि चौथी तिसरीला.

वजन उतरत होतं हे नाकारून चालणार नाही. शहाऐंशी, पंच्याऐंशी, साडेचौऱ्याऐंशी. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी पँटी कमरेत घेतल्या. चांभाराने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून दिली. बाजारात दुकानदार "साहेब, तब्येत बरी आहे ना?" असं विचारू लागले, आणि काटेसाहेबांना वाटलं, जळतात लेकाचे.

पण इतर काही गोष्टीही उतरू लागल्या होत्या. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावं लागायचं. तिथे ते भिंतीवरचा विजेचा मीटर तपासत असल्यासारखं उभे राहायचे. जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. रागाचं तर विचारूच नका. एकदा बायकोने डाळीत मीठ कमी पडल्याचं सांगितलं, तर "मला कशाला सांगतेस, मला काय मिळणार आहे त्यातलं!" म्हणून ते डोक्यात राख घालून गॅलरीत जाऊन बसले. बेकरीची तपासणी झाली त्या दिवशी तर कमालच झाली. काटा बरोबर होता, वजनं बरोबर होती, पण भट्टीतून नुकताच पाव निघाला होता. अहवालात शेऱ्याच्या रकान्यात काटेसाहेबांनी लिहिलं, "वास उत्तम." वरिष्ठांचा लेखी खुलासा मागणारा कागद आला. वास हे कोणत्या मापात मोजण्यात आले, हे कळवावे. बावीस वर्षांत पहिला खुलासा! त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं, फाडलं, आणि "नजरचुकीने" एवढा एक शब्द पाठवला. नाक कापलं गेलं ते गेलंच.

आणि सराव. तो आधी रोज व्हायचा, मग दिवसाआड. मग एका संध्याकाळी मुंगी पट्टा घेऊन आली तेव्हा काटेसाहेब कोचावर आडवे होते. "उद्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणाले. "अगं, वजन उतरलं की सराव लागतच नाही. हलका माणूस आपोआप धावतो," असंही त्यांनी तिला समजावून सांगितलं. मुंगीने ते ऐकून घेतलं आणि ती पट्टा घेऊन बाहेर गेली. थोड्या वेळाने गॅलरीतून आवाज आला, "आतला, बाहेरचा, आतला, बाहेरचा." काटेसाहेबांनी पडल्या पडल्या विचारलं, "कुणाबरोबर गं?"

"मास्तरकाकांबरोबर! तुझं होईपर्यंत!" बाहेरून उत्तर आलं.

बरं झालं, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. हे "बरं झालं" त्यांना नंतर किती वेळा आठवलं असेल, त्याची मोजदाद कुठल्या काट्यावर होणार?

क्रीडादिनाच्या सकाळी ते लवकर उठले. आठवी खेप चालू होती आणि तिचा पाचवा दिवस होता. जाताना ते आधी कार्यालयात गेले. सुट्टी असूनही भांडारपालाला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्र्याऐंशी किलो शंभर, वेष्टनासह. तीन प्रती. तिसरी प्रत खिशात घालून ते मैदानावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. बायकोने डब्यातून केळं काढून दिलं. "शर्यत झाल्यावर," ते म्हणाले. पोस्टमास्तर नव्या धुतलेल्या कॅनव्हासच्या बुटांत प्रेक्षकांत बसले होते.

पालकांना बोलावलं गेलं. काटेसाहेब चुन्याच्या रेघेपाशी मुंगीच्या शेजारी उभे राहिले. शेजारचे बाप, बरेचसे ढेरपोटे, त्यांच्या कमरेकडे बघत होते. वर्षभरात इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "बाबा, आधी आतला हां," मुंगी हळूच म्हणाली. तिचा हात त्यांच्या हातात होता आणि तळव्याला घाम आला होता. खेळाच्या बाई म्हणाल्या, "पाय बांधा." काटेसाहेब खाली वाकले, पट्टा दोन्ही पायांभोवती घेतला, बक्कल अडकवलं, आणि ताठ उभे राहिले.

मग त्यांना खेळाच्या दोन बाई दिसल्या. दोघींकडे शिट्ट्या होत्या. शिट्टी वाजायच्या आतच ते खाली बसले, आणि बसले ते तसेच आडवे झाले.

शुद्ध गेली ती मिनिटभरच. डोळे उघडले तेव्हा डोक्याखाली बायकोची मांडी होती, तोंडात ग्लुकोजचं पाणी होतं, अंगभर चुना होता. आणि थोड्या अंतरावर मुंगी उभी होती. कुणीतरी घाईने त्यांचा पाय सोडवला होता, पण पट्टा तिच्या पायाला तसाच लोंबत होता. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

"शर्यत थांबवता येणार नाही हो, अजून सात बाकी आहेत," खेळाच्या बाई अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या. "हिच्याबरोबर दुसरं कुणी आहे का?"

बायकोने काटेसाहेबांचं डोकं धरलं होतं, ती उठणं शक्य नव्हतं. प्रेक्षकांतून पोस्टमास्तर धावत आले होते आणि रुमालाने वारा घालत होते. काटेसाहेबांनी त्यांच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही जा."

"मी थांबते बाबाजवळ," मुंगी म्हणाली.

"जा म्हणतो ना. पहिलं यायचंय आपल्याला."

ती गेली. बायकोच्या मांडीवरून काटेसाहेबांना मैदान आडवं दिसत होतं. शिट्टी वाजली. "आतला, बाहेरचा" हा आवाज त्यांना ऐकू येत होता, की तसा भास होत होता, सांगता येत नाही. वाळक्या शेंगेसारखे मास्तर आणि ती काडीसारखी पोर, दोघं एकाच माणसासारखी गेली आणि पहिली आली. टाळ्या वाजल्या. या त्या जिंकणाऱ्यासाठीच्या टाळ्या होत्या, ज्यांच्यासाठी त्यांनी सहा आठवडे सूप चावलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत काटेसाहेब खाली मान घालून बसले होते. बायकोने फ्रिजवरचा कागद सोबत आणला होता. बाईंनी तो घेतला आणि उलटा केला. मागे चार ओळी होत्या. पहिल्या खेपेनंतर महिनाभर नेहमीचं जेवण. पुन्हा करायचं असेल तर आधी येऊन भेटणं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि चक्कर, थकवा, चिडचिड वाटल्यास त्याच दिवशी बंद.

"हे वाचलं नाहीत?"

"पुढचं वाचलं होतं," काटेसाहेब म्हणाले.

"दुकानदारांना तुम्ही दाखला देता, त्याच्या अटी कुठे असतात हो?"

काटेसाहेबांच्या खात्याच्या दाखल्याच्या अटी पाठीमागे असतात. आणि "साहेब, मागचं बघितलंच नाही" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला त्यांनी बावीस वर्षांत एकदाही सोडलं नव्हतं. बाईंनी रक्तदाब घेतला, "गोळी अर्धी करावी लागेल, मेला असतात" असं म्हणाल्या, आणि केळं खायला लावलं. समोर बसून, शेवटचा घास जाईपर्यंत.

घरी मुंगी अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. पहिल्या नंबराची निळी फीत पुढ्यात होती, पण तिने ती लावली नव्हती. काटेसाहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "तुला पहिलं आणायचं होतं गं."

"पण मला कुठे पहिलं यायचं होतं?"

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी सगळ्यांची शर्यत लगेच संपली होती," मुंगी म्हणाली. "आपलीच किती वेळ चालली होती. मला तेच आवडलं होतं. तेव्हाच सांगणार होते तुला." मग ती म्हणाली, "मास्तरकाका फार भराभर धावतात."

काटेसाहेबांनी खिशातली तिसरी प्रत काढली, त्र्याऐंशी किलो शंभरची, आणि उगीच घडी घालत बसले.

पुढचं सगळं अगदी कागदाबरहुकूम झालं. कागद आता फ्रिजवर पाठीकडून लावलेला असायचा आणि टोमॅटो वरच्या कोपऱ्यात गेला होता. महिनाभर त्यांनी नीट, दोन वेळा, माणसासारखं जेवण केलं. मग डॉक्टरीणबाईंना भेटून, गोळीचं विचारून, पाच दिवस केले. मग पुन्हा महिना, पुन्हा भेट. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "या वेळी नको, रक्तदाब खाली दिसतोय," तर त्यांनी हू की चू केलं नाही. वर्षाच्या शेवटी वजन ब्याऐंशीवर येऊन टिकलं. जिना एका दमात चढता यायला लागला. बाईंनी त्यांची पाठ थोपटली. सगळं कसं रीतसर झालं होतं, फक्त शर्यत होऊन गेली होती.

पोस्टमास्तरांनी आपल्या बाहेरच्या खोलीत फोटो लावला आहे. मुंगी आणि ते, दोघांचे पाय बांधलेले, हात वर. फोटोत नीट पाहिलं तर पट्टा ओळखू येतो. काटेसाहेब पेपर मागायला गेले की नेमके त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसतात, आणि मास्तर दर वेळी म्हणतात, "खरं म्हणजे हा तुमचाच मान हो." माणूस वाईट नाही. दर वेळी म्हणायला नको, एवढंच.

मोठ्या शाळेतला क्रीडादिन झाला त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी कपाटातून पट्टा काढला. मोठ्या शाळेने पालकांना बोलावलंच नव्हतं. मुंगी आता त्यांच्या खांद्याला लागत होती. "चल ना, एकदा," ते म्हणाले. "दारापासून जिन्यापर्यंत."

"बाबा, लोक बघतील."

"कोण बघतंय? मास्तर तळ्यावर गेलेत."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली वाकून तिने पट्टा बांधला. पाय बांधून होताच काटेसाहेबांनी आधी कठडा धरला, ती आता त्यांची सवय होती.

"आधी आतला," ते म्हणाले.

"माहितेय."

आणि ते निघाले. आतला, बाहेरचा, आतला, बाहेरचा. काय सांगावं, एकदाही चुकलं नाही. कुठे अडखळलं नाही, कुठे बसावं लागलं नाही, कचऱ्याचा डबा कधी मागे पडला कळलंसुद्धा नाही. मुंगीचा हात त्यांच्या कमरेभोवती आता पुरता पोचत होता. वर्षापूर्वी ज्या गॅलरीला अर्धी संध्याकाळ लागली होती, ती त्यांनी वीस पावलांत संपवली, आणि समोर जिना आला.

"झालं?" काटेसाहेबांनी विचारलं.

"झालं की," मुंगी म्हणाली. "चांगलं जमलं ना?"

"फार चांगलं जमलं," ते म्हणाले. तिने खाली वाकून बक्कल सोडलं, पट्टा गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि ती आत गेली, उद्या तिचा पेपर होता. काटेसाहेब जिन्यापाशी उभे राहिले. मागे वळून त्यांनी दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. अंतर तेवढंच होतं, एक इंच कमी नाही.